भात घरात आल्यावर: मनीचा एक दिवस

पहाटे ४.३०

भाऊबीज होऊन गेली आहे. संगमेश्वरकडच्या आमच्या घरात झोडलेलं भात कणग्यांत भरून झालं आणि भातामागोमाग उंदीर आले. दरवर्षी हेच होतं. कापणी झाली की मळ्यात त्यांना लपायला आडोसा राहत नाही, खायलाही फारसं उरत नाही. मग बांधावरून, पेंढ्यातून ते घराकडे सरकतात. घरात मुळात राहणारे असतातच. उंदरीण तीन आठवड्यांत विते, एका वेळी पाच-सात पिल्लं होतात, आणि ती पिल्लं दीड-दोन महिन्यांत पुन्हा विण्याजोगी होतात. हा हिशोब एका कणगीपुरता मांडून पाहिला तरी घरातल्या बाईमाणसाची झोप का उडते ते कळतं.

मनी दोन कणग्यांमधल्या फटीसमोर बसली आहे. पुढचे पाय छातीखाली, शेपूट अंगाशी. हलतात ते फक्त कान, आणि तेही वेगवेगळ्या दिशांना. माणसाला साधारण २० किलोहर्ट्‌झपर्यंतचा आवाज ऐकू येतो. मांजराला त्याच्या तिप्पट उंच आवाजही ऐकू येतो, आणि उंदरांचं आपसातलं बरंचसं बोलणं त्याच पट्ट्यात चालतं. माजघर आपल्याला निपचित वाटतं तेव्हा कणगीखाली कोण कुठे आहे हे तिला कळत असतं. उजेडही आपल्याला लागतो त्याच्या सहाव्या हिश्शाने तिचं भागतं.

मांजराची शिकार म्हणजे धावाधाव अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात तिचा बहुतेक वेळ टपून बसण्यात जातो. उंदीर उघड्या जमिनीवरून जात नाही. भिंतीला अंग घासत, ठरलेल्या वाटेने जातो आणि त्याच वाटेने परततो. ही वाट मनीला पाठ आहे. ती उंदराच्या मागे जात नाही, तो येईल तिथे आधी जाऊन बसते.

कणगीच्या बुडाशी शेणाने लिंपलेल्या कुडाला कुठेतरी दात लागल्याचा आवाज येतो. मनीचं अंग जमिनीला टेकतं, मागचा भाग दोनदा हलतो, आणि झडप. आपण मान वळवेपर्यंत उंदीर तिच्या तोंडात, मान मोडलेला.

उन्हाळ्यात तिने तो तिथेच खाऊन टाकला असता. आता तो तोंडात धरून ती पडवीतून बाहेर पडते.

पहाटे ५.१५

गोठ्याच्या कोपऱ्यात, वरच्या माचावर पेंढा रचलेला आहे. त्याच्या खबदाडीत तीन पिल्लं: काळ्या, पट्ट्या आणि तिरंगी. गणपती विसर्जनानंतरच्या दिवसांतली, म्हणजे सहा-सात आठवड्यांची. मनीने त्यांना आधी न्हाणीमागे ठेवलं होतं, मग माळ्यावर, मग इथे.

माचाखाली येऊन ती घशातल्या घशात एक आवाज काढते. एरवी ती असं बोलत नाही. दूध पाजायला बोलावते तो आवाज वेगळा. हा ऐकला की तिन्ही पिल्लं पेंढ्यातून घसरत खाली येतात.

शिकवणीचा क्रम बघण्यासारखा असतो. पिल्लं चार आठवड्यांची होतात, दुधाबरोबर दुसरं काही तोंडात घालू लागतात, तेव्हा मनी मेलेला उंदीर आणून त्यांच्यासमोर स्वतः खाते. पिल्लं हुंगतात, रक्त चाटतात. काही दिवसांनी ती मेलेला उंदीर आणून नुसता टाकते आणि बाजूला बसते. त्यानंतर अर्धमेला येतो. आणि पिल्लांचे पाय स्थिर झाले की जिवंत, धडधाकट उंदीर. पायऱ्या काटेकोर नाहीत. आज पहाटेचा मेलेलाच आहे, कालचा जिवंत होता. पण एकूण वाटचाल मेलेल्याकडून जिवंताकडे, हे नक्की.

काळ्या उंदरावर पाय देऊन उभा राहतो आणि गुरगुरतो. मूठभर जीव, पण ते गुरगुरणं खरं आहे. एकमेकांशी खेळताना असा आवाज त्यांच्यापैकी कुणीच काढत नाही.

सकाळी ७.००

वहिनी गाईची धार काढून करवंटीत थोडं दूध मनीसमोर ठेवतात. आजेसासूबाई असत्या तर ओरडल्या असत्या. मांजराला पोटभर घातलं की ते उंदीर मारत नाही, ही आपल्याकडची पक्की समजूत, आणि कितीतरी घरांत ती अजून पाळली जाते. मांजर उपाशी ठेवायचं, म्हणजे ते कामाला लागेल.

हे खरं नाही, आणि या समजुतीपायी मांजरांचे फुकट हाल होतात म्हणून जरा थांबून सांगते. १९७६ साली रॉबर्ट अ‍ॅडमेक यांनी खात बसलेल्या मांजरांसमोर जिवंत उंदीर आणला. मांजरांनी खाणं सोडलं, उंदीर मारला, तो खाण्याच्या जागी आणून ठेवला आणि पुन्हा आधीचं खाणं सुरू केलं. भूक आणि शिकार या दोन गोष्टी मांजराच्या डोक्यात वेगवेगळ्या चालतात. उंदीर रोज उठून हवा तेव्हा भेटत नाही. भूक लागेपर्यंत वाट पाहणारं मांजर उपाशी मरेल. त्याच्याही आधी, १९५३ साली, चार्ल्स एल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने शेतघरांवरच्या मांजरांबद्दल लिहिलं होतं. एकदा उंदीर हटवले की पुन्हा शिरकाव होऊ न देण्याचं काम मांजरं चांगलं करतात. आणि त्यांना रोज थोडं दूध मिळालं तर ती घर सोडून लांब जात नाहीत. वहिनींनी एल्टन वाचलेला नाही. त्यांचं म्हणणं एवढंच की तीन पिल्लांना पाजणारीच्या पोटात काही नको का?

सकाळी ९.००

खळ्यात ऊन आलं. पिल्लांचा खेळ सुरू.

दाव्याचं टोक, सुकलेलं फणसाचं पान, रिकामी करवंटी, आईची शेपटी. यांत काय काय होतं ते वेगळं करून पाहावं. दबा धरणं, आडव्या उड्या, पंजाने आपल्याकडे ओढणं, पंजाने हवेत उडवणं, दोन्ही पुढच्या पायांनी धरून मागच्या पायांनी लाथा झाडणं. शिकारीतली जवळजवळ प्रत्येक हालचाल इथे हजर आहे, आणि त्यातली एकही मनीने शिकवलेली नाही. बाटलीच्या दुधावर एकट्याने वाढलेलं पिल्लूही सुतळीच्या टोकावर अशीच झडप घालतं.

मग खेळूनच ती शिकारी होतात का? मलाही बरीच वर्षं तसंच वाटायचं. पण टिम कारो यांनी १९८० च्या सुमारास ही गोष्ट तपासली, तेव्हा वस्तूंशी खेळायला मिळालेली पिल्लं पुढे उंदीर मारण्यात सरस ठरली नाहीत. खेळाने अंग तयार होत असेल, पंजा नेमका पडत असेल. पण पान आणि उंदीर यांतला फरक खेळ सांगत नाही. पिल्लाजवळ झडप असते, चावा असतो. हे सगळं कशासाठी आहे, ते त्याला कुणीतरी दाखवावं लागतं.

कुणीतरी म्हणजे बहुतेक वेळा आईच. वाडीतला थोराड बोका रोज खळ्यावरून जातो, उंदीर मारण्यात तरबेज आहे, पण त्याचं पिल्लांशी देणंघेणं नाही आणि पिल्लंही त्याच्याकडे बघत नाहीत. १९६९ साली फिलिस चेस्लर यांनी पिल्लांना एक दांडी दाबून खाणं मिळवायला शिकवून पाहिलं. आईला दांडी दाबताना पाहणारी पिल्लं लवकर शिकली. परक्या मांजरीला पाहणारी उशिरा. आणि ज्यांना कुणीच दाखवलं नाही ती शिकलीच नाहीत.

सकाळी ११.००

खालच्या घरचा भाचा आला. पोत्यांत ठेवलेलं त्यांचं भात उंदरांनी फोडलंय.

"वहिनी, त्यातलं एखादं पिल्लू द्याल काय? आजच नेतो."

"आज नाही. तुळशीचं लग्न होऊ दे. मग ये नि घेऊन जा."

"लहान नेलं की माणसाळतं हो."

"माणसाळलेलीच आहेत. पोरं दिवसभर हातात घेऊन फिरवतात. तुला उंदीर मारणारं हवंय की नुसतं मांडीवर बसणारं?"

तो हसला, पण बसला. त्याच्या बोलण्यात तथ्य आहे. दुसऱ्या आठवड्यापासून सातव्यापर्यंत माणसाचा हात लागलेली पिल्लं पुढे माणसाला भीत नाहीत. पण त्यासाठी पिल्लू आईपासून तोडावं लागत नाही, आईजवळ असतानाच हात लावला म्हणजे झालं. आणि याच आठवड्यांत आई उंदीर आणत असते. पाच आठवड्यांचं गोंडस पिल्लू पिशवीत घालून नेण्याची आपली रीत आहे. लोक नेतात, आणि मग वर्षभराने तक्रार करतात की मांजर उंदराकडे नुसतं बघत बसतं.

यावरचा सगळ्यात बोलका प्रयोग चीनमधल्या झिंग-यांग कुओ या मानसशास्त्रज्ञाचा. १९३० साली प्रसिद्ध झालेला. मांजर आणि उंदीर यांचं जन्मजात वैर ही गोष्ट त्यांना मान्य नव्हती. त्यांनी पिल्लांचे तीन गट केले. एका गटातल्या पिल्लांना आई उंदीर मारताना दिसत होती: २१ पैकी १८ पिल्लं पुढे उंदीर मारू लागली. दुसऱ्या गटातली एकेकटी वाढली: २० पैकी ९. तिसऱ्या गटातली उंदराच्याच सोबतीने एका पिंजऱ्यात वाढली: १८ पैकी फक्त ३, आणि ज्या जातीच्या उंदराबरोबर ती लहानाची मोठी झाली त्या जातीच्या उंदराला त्यांनीही तोंड लावलं नाही. एकट्या वाढलेल्यांपैकी ज्या ११ पिल्लांनी मारलं नव्हतं, त्यांना नंतर मोठं मांजर उंदीर मारताना दाखवलं. त्यातली ९ मारू लागली.

या आकड्यांतून मी दोन्ही बाजू घेते. एकटं वाढलेलं निम्म्याच्या जवळपास मारतंच, म्हणजे रक्तात काहीतरी आहे. आणि आईजवळ वाढलेलं जवळजवळ हमखास मारतं, म्हणजे रक्तातलं पुरेसं नाही. भाच्याला वहिनी हेच त्यांच्या शब्दांत सांगत होत्या.

उठताना तो म्हणाला, "तोवर औषध टाकतो."

वहिनींचा आवाज चढला. "टाकू नकोस. माझी मांजर तुझ्या परड्यात येते."

बाजारात मिळणाऱ्या ब्रोमाडायोलोनच्या वड्या खाल्ल्यावर उंदीर लगेच मरत नाही. त्याचं रक्त गोठेनासं होतं आणि तीन-चार दिवसांत तो सुस्तावून उघड्यावर येतो. असा उंदीर मांजराला अलगद सापडतो. तो खाल्ला की तेच विष तिच्या पोटात. आणि पिल्लांच्या वेळी आईने आणलेला उंदीर चार तोंडांत वाटला जातो. भाच्याने चापाचा सापळा न्यायचं कबूल केलं.

दुपारी १ ते ४

झोप. मांजर दिवसाचे बारा तास तरी झोपतं, पाजणारी मांजरी मिळेल तेव्हा. मनी चुलीमागे, पिल्लं तिच्या पोटाशी. दूध तुटत आलंय. पट्ट्या पुन्हा पुन्हा तोंड लावतो आणि ती उठून दुसरीकडे जाते.

दुपारी ४.३०

परड्यातल्या पाणंदीशी तिरंगीला एक चिचुंद्री दिसली. तिने पंजा मारला, तोंड लावलं आणि लगेच सोडून डोकं झटकलं. चिचुंद्री दिसते उंदरासारखी, पण ती त्या कुळातली नव्हे. तिच्या अंगच्या उग्र दर्पामुळे मोठी मांजरंही ती मारून टाकून देतात, खात नाहीत. ही माहिती तिरंगीला आईने दिली नाही, तिची तिला मिळाली.

थोड्या वेळाने गटाराच्या तोंडाशी घूस आली. अंगाने मनीच्या निम्मी, दात पाहिले तर कुणीही मागे सरेल. मनी ताड्‌कन उठली. तिने एक कर्कश, तुटक आवाज काढला आणि पिल्लं होती तिथेच थिजली. पाउल लायहाउझेन या जर्मन अभ्यासकाने आयुष्यभर मांजरं पाहिली, आणि मांजरी छोटी शिकार आणते तेव्हाचा व मोठी, धोक्याची शिकार असते तेव्हाचा आवाज वेगळा असतो असं नोंदवून ठेवलं आहे. पहाटेचा मनीचा तो घशातला गुरगुरता आवाज आणि हा आवाज शेजारी ठेवले तर फरक आपल्यालाही कळतो. मनी घुशीच्या वाटेला गेली नाही. घुशींचा बंदोबस्त मांजरावर सोपवू नये. बहुतेक मांजरं मोठ्या घुशीला अंग राखूनच असतात, आणि त्यांचं बरोबर आहे.

संध्याकाळी ६.१५

दिवेलागण झाली. मनीचा खरा कामाचा वेळ हा.

पडवीच्या कोपऱ्यातून ती उंदीर घेऊन खळ्यात येते. मानगूट धरलेलं, पण दात रुतवलेले नाहीत. शेपूट वळवळते आहे. तोच गुरगुरता आवाज. पिल्लं येतात, आणि ती उंदीर जमिनीवर सोडून देते.

उंदीर आधी गोठून राहतो. पट्ट्या नाक पुढे करून हुंगायला जातो आणि उंदीर त्याच्या नाकाला चावतो. पट्ट्या किंचाळून मागे. उंदीर सुटतो तो तुळशीवृंदावनाकडे. दोन ढांगांत मनी त्याला पकडून परत आणते, परत सोडते. आता तिरंगी पंजा ठेवते, उचलून बघते, उंदीर पुन्हा पळतो. मनी पुन्हा आणते.

उंदराचे हाल बघवत नाहीत, हे मी लपवत नाही. पण मनीकडेही पाहावं. तिच्या फासळ्या दिसताहेत. समोर तिचं स्वतःचं खाणं आहे, आणि ते ती पुन्हा पुन्हा सोडते आहे. निसटला तर गेलाच. टिम कारो आणि मार्क हाउझर यांनी १९९२ साली प्राण्यांमधल्या शिकवण्याची कसोटी मांडली: नवख्याच्या समोर असतानाच वागणं बदललं पाहिजे, त्यात शिकवणाऱ्याची झीज व्हावी, निदान त्याचा लगेच काही फायदा तरी नसावा, आणि शिकणाऱ्याला ते एरवीपेक्षा लवकर किंवा चांगलं यावं. या चर्चेत मांजरीचं नाव आवर्जून येतं. खळ्यात उभं राहून पाहिल्यावर मला तरी दुसरा शब्द सुचत नाही. ती शिकवते.

काळ्या आत्तापर्यंत लांब बसला होता. आता तो दबा धरतो. झडप बरोबर पडते, पण चावा पाठीवर. उंदीर वळून चावायला बघतो, काळ्या सोडतो. पुन्हा झडप, पुन्हा पाठीवर. एवढ्या जवळची वस्तू मांजराला धड दिसतही नाही. वीतभर अंतराच्या आत नजर निकामी होते, आणि मिशा पुढे वळून उंदराभोवती येतात. पुढचं काम मिशा आणि ओठांच्या स्पर्शावर चालतं. केसांचा कल कुठे जातो, मान कुठे आहे, हे तो स्पर्श सांगतो. मांजराचे सुळे उंदराच्या मानेच्या दोन मणक्यांमध्ये पाचर बसावी तसे बसतात. तिथे बसले की एका चाव्यात काम होतं.

पण पहिल्यांदा तो चावा पुऱ्या जोराने देणं पिल्लाला जड जातं. लायहाउझेन यांच्या निरीक्षणात हे पुन्हा पुन्हा आलं आहे. पिल्लू मान धरतं, आणि धरूनच राहतं, मारत नाही. त्याला आणखी चेव यावा लागतो. तो कधी आईच्या आवाजाने येतो, कधी भावंडामुळे.

इथे तिरंगीमुळे आला. काळ्याच्या तोंडातल्या उंदरावर तिने पंजा टाकला. काळ्या घशातून गुरगुरला, तोंड घट्ट मिटलं, आणि उंदीर लोंबकळला. हे घडायला उखाण्याएवढाही वेळ लागला नाही. काळ्या उंदीर घेऊन उडवीखाली पळाला.

मनी त्याच्या मागे गेली नाही. तिने बसून पंजा चाटायला घेतला.

उडवीखाली काळ्या डोक्याकडून खायला लागला. मांजरं उंदीर तिकडूनच खातात. मारलं म्हणजे खाता येतंच असं नाही. कुओंनी शाकाहारावर वाढवलेली पिल्लं उंदीर मारत होती, पण मारलेला खायला फारशी राजी नव्हती. काळ्याने दोन-अडीच आठवडे आईने आणलेले मेलेले उंदीर फोडून खाल्ले आहेत. कातडीच्या आत काय असतं ते त्याला ठाऊक आहे. पहाटेच्या त्या फेऱ्या इथे उपयोगी पडल्या.

रात्री ९.३०

जेवणं झाली. मनीने दुसरा जिवंत उंदीर आणला. तिरंगी पुढे झाली, तिने पंजाने बराच वेळ खेळवला, मान धरली, सोडली. पट्ट्या नाकाला लागलेलं विसरलेला नाही. तो पायरीवरून खाली उतरेना. शेवटी मनीने त्याच्या डोळ्यांसमोर उंदीर स्वतःच मारला आणि पायरीशी टाकला. तो मेल्यावर पट्ट्या आला.

वहिनी मागच्या दाराची कडी लावत होत्या. त्या दाराला खाली मांजरापुरती फट आहे, ती त्यांनी बोळा काढून मोकळी केली. मनी त्यातून कणग्यांकडे गेली.

मी म्हटलं, "भाच्याला तिरंगी द्यायची का? तुळशीच्या लग्नापर्यंत मारायला लागेल ती."

"काळ्याला देऊ," वहिनी म्हणाल्या. "तिरंगी मारायला लागली की बहिणीकडे जाईल, तिने मागून ठेवली आहे. पट्ट्याला मात्र इतक्यात कुठे नाही द्यायचं. पौष लागला तरी चालेल, पण आईजवळ राहू दे त्याला."